काकांचा स्वेटर

डिसेंबरात इंदूरजवळ हातोदला मावशीकडे गेलो होतो. आम्हा गोंयकारांकडे स्वेटर कुठला असायला! माझं कुडकुडणं बघून मावशीनं ट्रंकेतून काकांचा काढला. विलायती, जॉन स्मेडलीचा. डर्बीशरमधली ही गिरणी १७८४ साली सुरू झाली आणि अजून त्याच घराण्याकडे आहे. तेव्हा इथे महेश्वरात अहिल्याबाईंचं राज्य होतं. त्यांनी आश्रय दिलेल्या विणकामाचे माग आजही चालतात. आपली कुणबी साडी गोव्यात विणणारे हात मात्र जवळजवळ संपले आणि आपण बघत राहिलो.

कोपरावरचं रफू दाखवत मावशी म्हणाली, "काका गेले, तरी दरवर्षी याला ऊन दाखवते. वापर रे, नाहीतर कसर खाईल."

गोव्यात तो घालण्यासारखी थंडी पडत नाही. ऊन मात्र मी न चुकता दाखवतो.