बैठकीची जागा

बेडकाच्या आवाजाबद्दल कुणी बरे बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गाणाऱ्याचा घसा बसला, की आपण चटकन ‘डराव डराव’ म्हणून मोकळे होतो. नाही म्हणायला ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक अख्खे सूक्त आहे आणि त्यात त्यांना चक्क मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांच्या पंक्तीला बसवले आहे. ती स्तुती की थट्टा, याबद्दल पंडितांचे एकमत नाही. मला एवढेच वाटते, की त्या ऋषीने कान देऊन ऐकले होते.

ओरडतो तो बहुधा नर. ओरडताना तो तोंड उघडत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तोंड आणि नाकपुड्या मिटून फुप्फुसांतली हवा कंठातून गळ्याच्या पिशवीत ढकलायची आणि तीच परत आत घ्यायची. हार्मोनियमचा भाता निदान बाहेरची हवा ओढतो. ह्याचे सारे घरच्या घरी! मादी बहुतेक जातींत गप्पच. ती ऐकते आणि निवडते. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी राहणाऱ्या एका निशाचर बेडकाची मादी मात्र स्वतःही साद घालते, असे 2016 साली प्रसिद्ध झाले. तो एक अपवाद.

पण नुसत्या गळ्यावर भागत नाही. गवई ‘जागा’ घेतो ती सुरांत. बेडकाला जागा लागते ती खरीखुरी, बुडाखालची. पेणजवळच्या आमच्या घरामागे भाताचे खाचर आहे. मृगाचा दांडगा पाऊस झाला, की त्यात वीतभर पाणी साचते आणि त्याच रात्री बैठक बसते. थोराड बेडूक उघड्या पाण्यात, अगदी मधोमध. एरवी मातकट हिरवे असणारे हे नर त्या दिवसांत हळद लागल्यासारखे पिवळेधमक होतात आणि त्यांच्या गळ्याच्या दोन पिशव्या निळ्या दिसतात. बोटाच्या पेराएवढे चिमुकले बेडूक बांधाच्या कडेला, गवतात. देहाच्या मानाने त्यांचाच आवाज जबर! झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर, नाहीतर आमच्या न्हाणीच्या भिंतीवर. त्याची मादी पाण्याच्या वर फेसाचे घरटे करते आणि पिल्ले त्यातून खाली टपकतात. तेव्हा त्याने खाली बसून कसे चालेल?

जागेचा हा हट्ट जगभर आहे. बोर्निओच्या जंगलात झाडाच्या ढोलीत राहणारा एक बेडूक आहे. ढोलीत पावसाचे पाणी कमीजास्त होते, तशी तिची घुमही बदलते. हा पठ्ठ्या आपला सूर खालीवर करून ढोलीशी मिळवून घेतो. अभ्यासकांनी त्याला एका नळीत बसवून नळीतले पाणी हळूहळू काढून घेतले, तरी तो सूर जुळवीतच राहिला. 2002 साली ही हकीकत छापून आली. तैवानात तैपेईजवळ तर एक जात पावसाळी गटारांत बसून गाते. त्या भिंतींमध्ये आवाज अधिक मोठा होतो आणि सूर लांबतो.

गाण्याला किंमतही पडते. पनामात एक वटवाघूळ बेडकाचा आवाज ऐकूनच झडप घालते. तिथला एक छोटा बेडूक एकटा असला की नुसता लांब सूर काढतो. सोबत इतर नर असले की शेवटी एक ठसका जोडतो. तो ठसका मादीला आवडतो आणि वटवाघळालाही! तरी तो जोडायचा सोडत नाही.

यंदा दादांनी खाचर विकायचे काढले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. लावणीला माणूस मिळत नाही, मुले पुण्यात रुळली, आणि घेणारा मुरूम टाकून भराव घालायला उतावीळ आहे. कागदावर माझीही सही लागते. मी बेडकांचे नाव काढताच दादा हसले.

“अरे, बेडूकच ते. जातील दुसरीकडे.”

“कुठे जातील, दादा?”

विहीर आहे, पण ती खोल आणि सरळ बांधणीची. ह्यांना हवे उथळ पाणी. पलीकडे खाडी, पण ते पाणी खारे. उरला हमरस्त्याकडेचा खड्डा. तिथे रात्रभर मालमोटारी धडधडतात. त्या गदारोळात कोण कुणाला हाक मारणार आणि कोण ती ऐकणार? परदेशी ताटांसाठी आपल्या बेडकांच्या तंगड्या धाडणे सरकारने 1987 साली बंद केले. भराव घालणाऱ्याला तर तंगडी तोडण्याचीही तसदी नको.

जूनमध्ये एका रात्री आम्ही दोघे पडवीत बसलो होतो. वीज गेलेली. दादा तासभर बोलले नाहीत, मग म्हणाले, “तो मधला खर्जातला कोण रे?”

“मोठ्या अंगाचा असेल. अंग मोठे, तसा सूर खाली.”

“आणि मग बाकीचे कशाला ओरडतात?”

“त्यांनाही जागा आहे म्हणून.”

दादांनी पानाचा डबा पुढे ओढला आणि विषय बदलला.

कागद अजून फडताळात आहे. दिवाळी झाली की घेणारा पुन्हा येणार. भात कापून झाले, खाचर वाळत चालले आहे, आणि बेडूक एकेक करून भेगांत, बिळांत शिरू लागले आहेत.