टेडी बेअर आणि आप्पांची पेटी

परवा गणपतीसाठी पेटी बाहेर काढली, तर खोक्याच्या तळाशी घडी घातलेला एक कागद सापडला. वहीचं पान. एका बाजूला आप्पांच्या अक्षरात नारळांचा हिशोब, दुसऱ्या बाजूला माझं अक्षर : "सावधान! पेटीवाल्यांसाठी व्हायरसची सूचना." वाचून आधी एकटाच हसलो. मग जरा गप्प झालो.

गोष्ट २००२ सालची. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो आणि आलेली प्रत्येक मेल इमानेइतबारे पुढे दहा जणांना पाठवत होतो. त्या दिवसांत एक सूचना जगभर फिरत होती : तुमच्या कॉम्प्युटरवर टेडी बेअरचं चित्र असलेली एक फाईल आहे का बघा. असली तर तो व्हायरस आहे, चौदा दिवस गप्प बसतो आणि मग सगळं उडवतो. ताबडतोब डिलीट करा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. मी शोधलं. फाईल होती! डिलीट केली, सगळ्यांना कळवलं, आणि रात्री शांत झोपलो. पुढे समजलं की ती विंडोजचीच फाईल होती. अस्वल बिचारं पहिल्यापासून तिथंच राहत होतं. व्हायरस नव्हताच. नुकसान काय झालं असेल ते माझ्याच हातानं.

त्या मे महिन्यात मुरुडला गेलो तेव्हा ओटीवर हे सगळं आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वाडी सांभाळून पेट्या दुरुस्त करायचे. बरोबर काही छापील मेल होत्या, त्यात एक विनोदी होती : पियानोचे सूर लावणाऱ्यांसाठी व्हायरसच्या खोट्या सूचना. ती मराठी करून वाचून दाखवली. आप्पा म्हणाले, "पियानो आपल्याकडे कुणाच्या बापानं बघितलाय? आणि मेल्या, पेटीवाल्यांनी घाबरायचंच नाही की काय? घे, लिही."

तर ते हे :

१. आरती व्हायरस : आरती काळी एकमध्ये सुरू होते आणि शेवटच्या कडव्याला काळी तीनमध्ये पोचते. पेटीवाला मधेच कुठेतरी अडकतो. उपाय नाही. प्रसाद येईपर्यंत वाट पाहावी.

२. कपलर व्हायरस : एक पट्टी दाबली की दुसरी आपोआप खाली जाते. भूत समजून गिऱ्हाईक धावत येतं. कपलरचा खटका बंद करावा. अर्धा तास लावावा, नाहीतर पैसे मागायला लाज वाटते.

३. माऊस व्हायरस : रात्रीत भात्याचं चामडं खातो. अँटिव्हायरस : मांजर.

४. आकाशवाणी व्हायरस : १९४० साली पेटी रेडिओवरून गायब होते, १९७१ पर्यंत दिसत नाही. बंद करून पुन्हा चालू केली तरी उपयोग नाही.

५. श्रावण व्हायरस : वर्षभर गप्प. गणपतीला आठ दिवस उरले की पंचक्रोशीतल्या सगळ्या पेट्या एकदम बिघडतात.

यातला चौथा विनोद आप्पांना स्वतःलाच झोंबायचा. पेटीवर मींड काढता येत नाही, श्रुती नीट मिळत नाहीत, म्हणून ती आपल्या गाण्याला लायक नाही, असा निकाल तेव्हा लागला होता. "एकतीस वर्षं रेडिओवर पेटी नाही आणि गावात भजन एक दिवस थांबलं नाही," असं ते म्हणायचे.

आता पुढची गोष्ट. ती या कागदावर नाही.

२०१४ च्या सुमाराची. माझ्याकडे स्मार्टफोन आला होता आणि त्यात सूर मोजणारं ॲप. गणपतीला घरी आलो आणि आजोबांच्या पेटीसमोर फोन धरला. प्रत्येक पट्टीला काटा लाल. सगळे सूर चढे! आप्पा तेव्हा ऐंशीच्या आसपास होते, हाक मारली तर दोनदा मारावी लागायची. मी मनात म्हटलं, संपलं, आप्पांचा कान गेला. त्यांना तसं बोललोही. "आप्पा, मोबाईल सांगतोय, पेटी उतरवायला पाहिजे." ते काहीच बोलले नाहीत. नुसते आत गेले.

दुपारी ते झोपल्यावर मी पेटी उघडली. त्यांना काम करताना बघून एवढं माहीत होतं की पितळी पट्टीला टोकाशी घासलं की सूर चढतो आणि मुळाशी घासलं की उतरतो. मुळाशी घासत, काटा हिरवा होईपर्यंत, मधल्या सप्तकाचे आठ सूर केले. मग आरतीची वेळ झाली. पेटी बंद करून बसलो आणि वाजवायला लागलो, तर जुने सूर एका गावाला आणि नवे दुसऱ्या! बायकामुलं माझ्याकडे बघायला लागली. आप्पांनी टाळ खाली ठेवला आणि नुसतं म्हणाले, "टेडी बेअर डिलीट केलास होय रे?"

रात्री त्यांनी समजावलं. ४४० हा आकडा १९३९ साली लंडनच्या बैठकीत ठरला, तो मोबाईलला ठाऊक. आजोबांच्या पेटीला नाही. ती सगळीच्या सगळी थोडी चढी होती, पण आपसात जुळलेली होती. "दोन सूर एकदम वाजव. लाटा ऐकू येतात? त्या संथ होत होत थांबल्या की जुळलं. मोबाईल एकेक सूर वेगळा काढून विचारतो, तू बरोबर का चूक. मी विचारतो, तुमचं एकमेकांशी पटतंय का."

बाहेर समुद्र वाजत होता. हाक ऐकू न येणाऱ्या त्या कानाला पेटीतल्या लाटा स्पष्ट ऐकू येत होत्या.

तीन दिवस ते पेटीजवळ बसले. सात सूर टोकाशी घासून परत वर आणले. आठवा मी इतका खाल्ला होता की जुन्या मोडक्या पेटीतला काढून बसवावा लागला. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण त्या वर्षानंतर गिऱ्हाइकाच्या पेटीला त्यांनी हात लावला नाही. "हल्ली लोक मोबाईल घेऊन येतात," म्हणायचे. मला कळायचं, पहिला मोबाईल घेऊन मीच आलो होतो. पितळ त्यांनी भरून काढलं. त्यांच्या मनात मी जी शंका घातली, ती मात्र कुणाला घासून काढता आली नाही.

आप्पांना जाऊन आता काही वर्षं झाली. काल भाचा पेटीपुढे फोन धरून म्हणाला, "मामा, ही सगळी लाल दाखवतेय!"

म्हटलं, "दाखवू दे."

आणि त्या कागदाच्या तळाशी पेननं आणखी एक ओळ लिहिली :

६. भाचा व्हायरस : मला झाला होता, म्हणजे पुतण्या असताना. कानस लपवून ठेवावी.