कुलूप नसलेले लॉक

एसडी कार्डाच्या कडेची छोटी पट्टी खाली सरकवली की कार्ड ‘लॉक’ झाले असे म्हणतात. प्रत्यक्षात कार्डाला त्याचा पत्ताच नसतो. पट्टी आतल्या कुठल्याही सर्किटला जोडलेली नसते. ती वर आहे की खाली, हे कार्ड रीडरमधली कळ चाचपते आणि संगणकाला कळवते. पाळणे न पाळणे त्या दोघांच्या हाती. साडेतीन इंची फ्लॉपीचे तसे नव्हते. तिचे भोक उघडे असले की ड्राइव्हच लिहायला नकार देई. (सव्वापाच इंचीचा न्याय उलटा: तिची खाच चिकटपट्टीने झाकावी लागे.)

ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ दोरखंडांनी ओढला जातो. ते फोटो हातचे गेले तर पुन्हा वर्षभर थांबावे लागते. म्हणून छायाचित्रकाराने कार्ड संगणकात घालण्याआधी पट्टी खाली केलेली बरी. उघडे कार्ड दिसले की अलीकडची विंडोज काही न विचारता त्यावर ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचे फोल्डर करून ठेवते. लॉक केलेले कार्ड ती मुकाट्याने उघडते आणि फोटो पुसायला गेल्यावरच डिस्क राइट प्रोटेक्टेड असल्याचे सांगते. लिनक्स जोडतानाच बोलते. तिथली ‘माउंट’ आज्ञा आधी वाचन-लेखन दोन्हींसाठी प्रयत्न करते, कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) नकार दिला की फक्त वाचनासाठी जोडते आणि तसा इशारा छापते. ही रीत जास्त सरळ.

खरी गोम पुढेच आहे. ‘फक्त वाचनासाठी’ जोडले म्हणजे डिस्कवर काहीच लिहिले जाणार नाही, असे नव्हे. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम बदलांची एक वही ठेवते, तिला जर्नल म्हणतात. मध्येच वीज गेली तर वहीतल्या नोंदी उतरवायच्या राहतात. पुढच्या वेळी ‘आरओ’ पर्याय देऊन जोडले तरी कर्नल आधी त्या नोंदी डिस्कवर उतरवतो. डिस्क खरोखरच राइट प्रोटेक्टेड असेल, तर ते जमत नाही आणि जोडणीच नाकारली जाते. तेव्हा ‘नोलोड’ हा पर्याय सोबत द्यावा लागतो. जर्नलला हात लागत नाही. मात्र शेवटचे बदल अर्धवट दिसू शकतात.

कधी पट्टी नसलेला पेन ड्राइव्हही राइट प्रोटेक्टेड होतो. फ्लॅश मेमरी झिजली की आतला कंट्रोलरच लेखन थांबवतो. विंडोजमधल्या ‘डिस्कपार्ट’ आज्ञेने ‘फक्त वाचन’ ही खूण पुसण्याचा उपाय तिथे चालत नाही. वाचता येते तोवर आतले सगळे उतरवून घ्यावे आणि ड्राइव्ह टाकून द्यावा.