दाखवण्याची मजुरी

गाईड घेऊन फिरणाऱ्या माणसांची मला कीव यायची. वेरूळला किंवा देवगिरीवर हातातली काठी भिंतीकडे रोखून कुणीतरी घडाघडा बोलतोय आणि भोवतीचा घोळका मान डोलावतोय, हे दिसलं की मी मुद्दाम चार पावलं लांब उभा राहायचो. पुस्तक वाचून या, डोळे उघडे ठेवा, फुकट बघा, हा माझा बाणा. त्यात एकट्या कुटुंबासाठी दिवसभर गाडी आणि माणूस राखून ठेवणं म्हणजे पैशाचा माज, असं मी बोलूनही दाखवायचो. जन्मभर महागावात भूगोल शिकवल्यामुळे हे बोलण्याचा मला परवाना आहे, असंही वाटत असावं.

याच बाण्यापायी काही वर्षांपूर्वी मी गावातल्या काही पोरांना वाटेला लावलं होतं. सगळे माझेच विद्यार्थी. त्यांच्या डोक्यात एक दिवसाची सहल होती. नागपूर-तुळजापूर महामार्गावरून माहूरच्या रेणुकेला जाणाऱ्या भाविकांना एक दिवस महागावात थांबवायचं, हिवरा संगमला पूस आणि पैनगंगा मिळतात ती जागा दाखवायची, पुढे सहस्रकुंडाचा धबधबा, दुपारी एखाद्या बंजारा तांड्यावर जेवण, संध्याकाळी माहूर. ‘सर, तुमी फक्त दगडाचं सांगा. बाकी आमी पाहून घेतो,’ असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना चहा पाजला आणि चार गोष्टी ऐकवल्या. आपल्या तालुक्यात पैसे देऊन बघावं असं काही नाही. तांडा म्हणजे प्रदर्शन नव्हे. होळीची लेंगी कुणाच्या मोबाइलसाठी नाचायची नसते. आणि आपलं गाव दाखवायचे पैसे घेणं म्हणजे तहानलेल्याला रांजणातलं पाणी मोजून देणं. पोरं गप्प उठून गेली. त्यातला एक आता पुण्यात गाडी चालवतो.

मत बदललं ते मॉरिशसमध्ये. मुलगी-जावई तिथं एबेनला नोकरीला आहेत. आम्ही गेलो, तेव्हा जावयाने मला न विचारता एका दिवसाची गाडी आणि गाईड ठरवून टाकला. रक्कम कळल्यावर मी मनातल्या मनात तिचे आपले रुपये केले आणि नाश्त्याला कुणाशी बोललो नाही.

गाईड तरुण पोरगा होता. घरात क्रिओल बोलणारा, पण शाळेत मराठी विषय घेतलेला. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकता येतं आणि मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत पुढेही तिचा अभ्यास करता येतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. त्याचे पणजोबा-खापरपणजोबा रत्नागिरीकडचे. मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्यांपैकी. त्याचं आडनाव म्हणजे मुळात कुणा पूर्वजाचं पाळण्यातलं नाव, फ्रेंच कारकुनाच्या हातून वाकडंतिकडं लिहिलं गेलेलं. मला तो आधी ‘काका’ म्हणाला. मी शिक्षक होतो हे कळल्यावर ‘सर’ म्हणायला लागला आणि त्यानंतर मला जरा धाक बसला. विद्यार्थ्याकडून ऐकून घ्यायची सवय नव्हती.

पहिला थांबा क्यूरपीप गावातलं त्रू ओ सेर. हे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड. सुमारे ३०० मीटर रुंदीचा गोल खड्डा, आत झाडी, भोवती बंगले. फळ्यावर खडूने अशी तोंडं मी आयुष्यभर काढत आलो, त्यामुळे नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते गाईडच्या पुढच्या प्रश्नाचं. ‘सर, तुमच्या गावचा दगड आणि हा दगड एकाच चुलीतला, माहीत आहे ना?’

माहीत होतं, वाचलेलं होतं. पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत गेला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी त्या जागेवर आपण होतो, तेव्हा दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर साचले. नंतर त्याच उष्णतेच्या माळेत लक्षद्वीप-मालदीवच्या खालचे डोंगर झाले, जेमतेम ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं, आणि आज ती भट्टी शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेज अजून धगधगतो. हे मी वर्गात सांगितलंही असेल. पण त्या पोराने खाली वाकून एक काळा, भोकं पडलेला दगड माझ्या हातात दिला, तेव्हा मला आमच्या शेतातल्या विहिरीचा काठ आठवला. तिथं काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीची एक पट्टी आहे. एक लाव्हा थंड झाला, त्यावर माती झाली, मग दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. विहीर खणताना वडील त्या पट्टीला वैतागले होते, एवढंच मला ठाऊक. दुपारी शामारेलची सात रंगांची माती पाहिली, तीही लाव्हा कुजूनच झालेली. लोखंडाने लाल, ॲल्युमिनियमने निळसर-जांभळी. तिला कुंपण आहे, तिकीट आहे. आमच्या तांबड्या पट्टीवर मोटारीचा पाइप टेकवलेला आहे.

एक गोष्ट मात्र मला खरोखर माहीत नव्हती. मॉरिशसच्या लाव्ह्यात सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचे झिरकॉनचे कण सापडल्याचं २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. एवढं जुनं खनिज या कोवळ्या बेटाचं असूच शकत नाही. म्हणजे बेटाच्या बुडाशी एका जुन्या भूखंडाचा तुकडा आहे, भारत आणि मादागास्कर वेगळे होताना मागे राहिलेला. मी ते वहीत उतरवून घेतलं. पोरगा थांबून राहिला, माझं लिहून होईपर्यंत.

गंगा तलावावर मी फार रमलो नाही. विवरातलं तळं सुंदर आहे, १९७२ मध्ये त्यात गंगेचं पाणी ओतलं हे ठीक, पण १०८ फुटांचा शंकर बघून मला तळं लहान झाल्यासारखं वाटलं. बायकोने मात्र मनोभावे पाया पडून घेतलं, त्यामुळे माझं मत गाडीतच राहिलं.

खरी गोष्ट उसाच्या शेतांत घडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच रचलेले ढीग. काही तर घराएवढे. मी विचारलं, हे कसलं बांधकाम? त्याने गाडी बाजूला घेतली. हे बांधकाम नाही, म्हणाला. सगळं बेटच लाव्ह्याचं, शेतात मातीपेक्षा दगड जास्त. ऊस लावायचा तर दगड आधी वेचायला हवेत. ते आधी गुलामांनी आणि मग गिरमिटियांनी हाताने वेचले, डोक्यावरून वाहिले आणि रचून ठेवले. यंत्र नंतर आलं. बेटावर गुलामगिरी १८३५ मध्ये संपली आणि तिच्या आदल्या वर्षीपासूनच करारावरचे भारतीय मजूर बोटींतून उतरायला लागले होते; जवळपास पाच लाख माणसं पुढच्या काळात पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरली. करार पाच वर्षांचा, गड्याची मजुरी महिना पाच रुपये आणि शिधा. ‘आणि डबल कट,’ तो म्हणाला. एक दिवस कामावर आला नाहीस तर दोन दिवसांची मजुरी कापायची.

मी त्याला सांगितलं, आमच्याकडे याला खाडा म्हणतात. त्याला कळेना. मग मीच बोलत राहिलो. महागाव, पुसद, उमरखेडच्या तांड्यांवरून दिवाळीनंतर जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादम आधी उचल देतो, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवायचा नाही, आणि आजारपणात एक दिवस बुडाला तर खाडा कापला जातो, तो दिवसाच्या कमाईहून जास्त. आमच्याच तालुक्यात गुंजला साखर कारखाना आहे. तरीही माणसं लांब जातात. तो पोरगा ऐकत होता. मग म्हणाला, ‘सर, हे तुम्ही तिकडे आलेल्या लोकांना सांगता का?’ मी म्हणालो, आमच्याकडे कोण येतंय.

हे बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की दगड, ऊस आणि माणूस या तीन गोष्टी मी तीन वेगवेगळ्या धड्यांत शिकवत आलो होतो. प्राकृतिक भूगोल, कृषी भूगोल, मानवी भूगोल. प्रश्नपत्रिकेतही वेगवेगळ्या प्रश्नांत. इथे ढिगाऱ्याजवळ उभं राहून एका माणसाने दहा मिनिटांत त्या एका जागी बांधून दिल्या. असं पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. नुसते डोळे उघडे ठेवून भागलं नसतं. मला तो ढीग एखादं जुनं देऊळ वाटला होता. घोळक्यातही हे जमलं नसतं, कारण मोठ्या बसमधल्या चाळीस माणसांसाठी उसाच्या शेताशी गाडी थांबत नाही. एका कुटुंबासाठी राखून ठेवलेला दिवस म्हणजे माज, हे माझं म्हणणं त्या बांधावर गळून पडलं.

माझी तांड्याची हरकत मात्र तेव्हाही शिल्लक होती. तिला उत्तर दुपारनंतर मिळालं, आणि तेही त्याने जे दाखवलं नाही त्यातून.

ल मोर्न हा समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा सुळका. पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारींत लपून राहत. २००८ मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला. सुटका झाल्याची बातमी घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, पकडायलाच आलेत असं समजून लोकांनी वरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथं सांगतात. जावयाला वर चढायचं होतं. गाईड म्हणाला, चढता येतं, वाट आहे, पण मी नेत नाही; पायथ्याच्या स्मारकापाशी थांबू आणि जे सांगायचं ते इथे सांगू. मुलीने हॉटेलातल्या सेगा नाचाबद्दल विचारलं. तो हसला आणि म्हणाला, तिथं जरूर बघा, तेही कलाकारच आहेत, त्यांना पैसे मिळू देत. पण आमच्या शेजारच्या अंगणात रात्री डफासारखा रावान वाजतो, तिथं मी कुणाला नेत नाही.

शेवटी पश्चिम किनाऱ्याने परतताना कास्कावेलच्या बाजूला मराठी वस्तीतून गेलो. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, जाखडीचं रूप तिथं झाकरी नावाने टिकलं आहे, हे सगळं त्याचं वाटेतच सांगून झालं होतं. एका देवळापाशी गाडी हळू झाली. आत काही कार्य चाललेलं दिसत होतं. मी चप्पल काढायच्या तयारीत. त्याने आत पाहिलं, कुणाशी तरी दोन शब्द बोलला आणि परत येऊन म्हणाला, ‘आज घरचं आहे. बाहेरच्यांना नाही.’

‘अरे, मी मराठी आहे,’ मी म्हणालो.

‘मराठी आहात सर. घरचे नाही.’

मला राग आला, खोटं कशाला बोलू. साता समुद्रापार येऊन एका देवळाच्या दारातून मागे फिरायचं आणि त्याचे पैसेही आपणच द्यायचे! पण राग ओसरला तसा माझा जुना मुद्दाही ओसरला. संस्कृती विकली जाते ती दाखवणाऱ्यामुळे, असं मी धरून चाललो होतो. इथे दाखवणाराच दारात उभा होता, कुणाला कुठवर आणायचं ते ठरवत. तो नसता तर मी सरळ आत गेलो असतो, मोबाइल हातात घेऊन. तांड्यावर गाड्या आजही येतात. निवडणुकीत येतात, होळीला फोटो काढणारे येतात. दारात उभा राहणारा कुणी नाही, कारण ज्यांना उभं राहायचं होतं त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं.

काही मतं अजून जागच्या जागी आहेत. मोठ्या कंपन्यांच्या बसभर सहली मला आजही नकोशा वाटतात. सात रंगांच्या मातीला तिकीट लावलं म्हणून ती माती थोर ठरत नाही. आणि गाईडच्या नावाखाली भाकडकथा खपवणारे सगळीकडे भेटतात. भुयार थेट काशीला निघतं, हे ऐकलं नाही असा किल्ला मला तरी माहीत नाही. म्हणून तर अभ्यास केलेल्या माणसाला चांगली मजुरी मिळायला हवी, असं आता म्हणतो. ज्याला पोट भरण्यापुरतं मिळत नाही, तो भुयारंच खणणार.

परत आल्यावर मी त्या पोरांना बोलावलं. जी गावात होती ती आली. एकाने पहिल्या वाक्यालाच अडवलं, ‘सर, तुमीच त नाही म्हनले होते.’ हो, म्हणालो होतो. आता कामाला लागलो आहोत. दगडांचं मी शिकवतो आहे: विहिरीतली तांबडी पट्टी, नांगरताना वर येणाऱ्या गारगोट्या, सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून का फुटते. जिल्ह्याच्या त्या टोकाला, झरी जामणीकडे शिबला-पार्डीला, रस्त्याच्या कामात लाव्ह्याचे षटकोनी खांब उघडे पडले, ते पाहायला आम्ही सगळे मिळून जाणार आहोत. ऊसतोडीचं कोण सांगणार, हा प्रश्न होता. मला वाटलं मी सांगेन. पोरांपैकी एकाची आई अनेक हंगाम कोयत्यावर गेलेली. ती म्हणाली, मी सांगीन, पण बसून, आणि फोटो नाही. जेवण द्यायचं की नाही हेही तांड्यावरच्या बायकाच ठरवतील. पहिल्या बैठकीत त्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या बैठकीत हो म्हटलं, पण घरात नाही, तांड्याबाहेरच्या लिंबाखाली, आणि ताटामागे जो दर सांगितला तो ऐकून मी पुन्हा एकदा मनातल्या मनात हिशेब करायला लागलो होतो.

दराचाच वाद अजून मिटलेला नाही. शाळेच्या सहलींकडून काही घेऊ नये, असं माझं म्हणणं. पोरं म्हणतात, सर, तुमाले पेन्शन आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळांना अर्धा दर ठरला आहे.