दौऱ्यावरच्या साहेबाची खाट

गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून माझ्या इतिहासलेखनातला प्रवास थांबला. गड, लेणी, बारवा आता दुसऱ्यांच्या पायांनी बघायच्या आणि जुन्या टिपणवह्या उलगडत वाशिमकडच्या जऊळक्यात बसून लिहायचे. त्यामुळे एक गोष्ट मात्र लख्ख दिसू लागली: प्रवासाने आपल्या लेखनात नेमके काय काम केले, आणि किती वेळा काहीच केले नाही. एसटीतली गर्दी, धाब्यावरची तर्री, चुकलेला रस्ता, गुराख्याचा तिरकस शेरा हा सगळा ऐवज लोकप्रिय इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या झोळीत असतो. वाचक हसतो, पान उलटते, आणि शिलालेख होता तिथेच राहतो. मग इतिहासाच्या पुस्तकात या 'मी'ने यायचेच कशाला? आणि आलाच, तर त्याने कोणावर हसायचे?

मराठीत या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर एका भिक्षुकाने देऊन ठेवले आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घर कर्जात, म्हणून १८५७ साली बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञातली दक्षिणा मिळवायला काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात जाऊन पडले. १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि शेवटी खांद्यावर गंगाजलाची कावड घेऊन घरी परतले. 'माझा प्रवास' त्यांनी पुढे कितीतरी वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिला. वैद्यांनी तो फेरफार करून १९०७ मध्ये छापला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. अभ्यासक म्हणतात, इतक्या वर्षांनी आठवून लिहिलेल्याचा भरवसा काय? शंका रास्त आहे. पण गोडसे भटजींनीच तिच्यावर उपाय करून ठेवला आहे. त्यांच्या प्रत्येक मजकुराला मी एकच विचारतो: यात भटजींची कंबर, पोट किंवा भीती गुंतली आहे का? कंबरेची दक्षिणा कशी गेली, पोटात काय पडले, कुठे लपावे लागले हे सांगताना हा माणूस पाहिलेले सांगतो. राजेरजवाड्यांच्या मसलती सांगू लागला की तो चावडीवरचे ऐकीव सांगतो. म्हणजे पुस्तकातला 'मी' पुराव्याचे वजन करायला उपयोगी पडतो. काल्पीच्या वाटेवरची विहीर घ्या. पठाणी वेशातली, धुळीने माखलेली, तहानलेली झाशीची राणी. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात, ती त्यांना थांबवते आणि स्वतः शेंदते. आजचा लेखक इथे स्वतःचा दाटलेला कंठ घेऊन निदान अर्धे पान अडवेल. भटजी बाजूला उभे राहतात. स्वतःच्या भित्रेपणाचे, पैशाच्या ओढीचे हसे करून घ्यायला जो कचरत नाही, त्याला योग्य जागी बाजूला होणेही जमते.

आता आमच्या वाशिमकडे येतो, कारण माझ्या पुस्तकाचे घोडे नेमके तिथे अडले होते. वाशिम म्हणजे वाकाटक राजांचे वत्सगुल्म. वाकाटकांची एक वेगळी शाखा इथून राज्य करत होती, हे १९३९ मध्ये वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडेपर्यंत इतिहासकारांनाही नीट उमगले नव्हते. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला हा राजा. त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी नांदीकट विभागातले एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले. नांदीकट म्हणजे नांदेड, असे वा. वि. मिराशींनी ठरवले. वंशावळीचा भाग संस्कृतात, आणि प्रत्यक्ष व्यवहाराचा प्राकृतात. त्या प्राकृत भागात गावाला मिळालेल्या सवलतींची यादी आहे. शिपायांनी गावात शिरायचे नाही. मीठ खणायचे नाही. फुले आणि दूध उचलायचे नाही. बैलांची पाळी लावायची नाही. कातडी आणि कोळसा मागायचा नाही. आणि दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यासाठी खाट मागायची नाही. खाट! वऱ्हाडातल्या कुठल्याही माणसाला हे वाचून हसू फुटेल. मीही वाक्य लिहून टाकले: सोळाशे वर्षांपूर्वीसुद्धा साहेब दौऱ्यावर आले की गावातली बरी खाट पहिल्यांदा उचलली जायची.

वाक्य चांगले उतरले. अडचण अशी की, ते खरे आहे असे म्हणता येत नाही. यादीतल्या प्रत्येक 'नको'चा अर्थ असा निघू शकतो की बाकीच्या गावांना हे सारे द्यावे लागत होते. एका गावाची सुटका म्हणजे शेजारच्या दहा गावांचा बोजा. पण अशा याद्या त्या काळच्या इतर दानपत्रांतही जवळजवळ त्याच साच्यात येतात. कारकुनाने जुन्या मसुद्यावरून उतरवलेले कलम आणि खरोखर उचलली गेलेली खाट यांच्यात किती अंतर, ते ताम्रपट सांगत नाही. म्हणून इतिहासाला तिथे 'बहुधा' लिहावे लागते. आणि विनोदाला 'बहुधा' सोसत नाही. 'साहेब आले की बहुधा खाट उचलली जात असावी' या वाक्यावर कोण हसणार? हसू ठामपणाशिवाय येत नाही, आणि गतकाळाबद्दल ठाम राहता येईल अशा जागा फार थोड्या. या एका वाक्याची जागा मी किती वेळा बदलली! आधी हसवून मागाहून पुरावा द्यावा, तर वाचक हसून निघून जातो. आधी पुरावा द्यावा, तर हसू शिळे होते.

यावरून मला वाटते ते असे: या प्रकारच्या लेखनात विनोद बेधडक करावा तो प्रवाशावर. आपण कुठे घसरलो, काय खाल्ले, कोणाला घाबरलो याचा पुरावा आपल्याजवळ पुरेपूर असतो. तिथे 'बहुधा' लागत नाही. पु. लं.नी 'अपूर्वाई'त, १९६० मध्ये, विलायतेपेक्षा विलायतेला निघालेल्या मराठी माणसाला जास्त हसून घेतले, ते म्हणूनच टिकले. कोणी म्हणेल, अशाने मेलेली माणसे कायमची सोवळ्यात बसतील. तसे नाही, ती स्वतः हसली असतील तिथे आपणही त्यांच्याबरोबर हसावे. संस्कृत कवी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मात लावून दिले आहे. ती त्याचीच थट्टेखोर कल्पना. तिच्यावर आपण हसलो तर त्याला वाईट वाटणार नाही. वाईट वाटते ते वाशिमचा अभिमान म्हणून कोणी ती घडलेली गोष्ट असल्यासारखी भाषणात सांगतो तेव्हा.

दुसरा आक्षेप मिराशींचे नाव घेऊन येतो: त्यांनी एकही विनोद न करता वाकाटक उभे केले, मग तुम्हाला ही माकडचेष्टा कशाला? खरे आहे. पण मिराशींकडे वाचक आधीच जिज्ञासा घेऊन जातो. आमच्याकडे तो अकोल्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत येतो. त्याला थांबवायला काहीतरी हवेच. सध्या हे काम अंगावरच्या काट्याकडून करून घेतले जाते. ड्रोनने बुरूज दाखवायचा, मागे ढोल वाजवायचे, आणि निवेदकाने आवाज कापरा करून तारीख सांगायची. गोनीदांसारखा परतवाड्यात जन्मलेला आमचा वऱ्हाडी माणूस गडांवर भक्तीने चालला. ती भक्ती पायांनी कमावलेली होती. भाड्याच्या भक्तीपेक्षा मला स्वतःवर हसणारा प्रवासी परवडतो. पूर्वजांच्या भोळेपणाची टिंगल करणारे नवे विनोदवीर मात्र त्याहून वाईट, कारण समोरचा उत्तर द्यायला उठणार नाही याची त्यांना खात्री असते.

प्रवासाचे म्हणाल तर त्याने काही सिद्ध होत नाही, एवढे कबूल करून मगच तो लिहावा. जऊळका ताम्रपटात नाही. अकोला–पूर्णा मार्गावरचे हे स्टेशन. २००८ मध्ये मोठी लाईन झाली, आणि गाडी वाशिम, हिंगोली करत पूर्णेला आणि पुढे नांदेडला जाते. वत्सगुल्मातून हुकूम सुटला आणि नांदीकटात लागू झाला तो याच दिशेने गेला, असे लिहायचा मोह होतो. लिहू नये. वाट कोणती होती ते रूळ सांगत नाहीत. पण वाशिमहून नांदेड किती दूर आहे हे डब्यात बसून अंगात मुरलेले असले, म्हणजे राजाचा शब्द किती लांब पोहोचत होता, किंवा पोहोचायला हवा होता, हा प्रश्न तरी सुचतो. नकाशावर बोट फिरवणाऱ्याला तो सहसा सुचत नाही.

खाटेचे ते वाक्य पुस्तकात तसेच आहे. 'बहुधा' घालून पाहिले, ते मेले. म्हणून 'बहुधा' काढले, आणि वाक्यामागोमाग साच्यातल्या कलमांबद्दल एक अख्खा परिच्छेद लिहून ठेवला. लोक भेटले की खाटेचेच बोलतात. त्या परिच्छेदाबद्दल अजून कोणी चकार शब्द काढलेला नाही. याचे वाईट वाटायला हवे. खरे सांगायचे तर बरेच वाटते.