दुर्बिणीची बैठक

बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीविषयी जाणकार तासन्‌तास बोलतात. ती दुर्बीण ज्यांवर बसते त्या दोन कड्यांविषयी आणि त्यांच्या खालच्या पट्टीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हां दोघांना या विषयात काही अधिकार आहे असे नव्हे. पण आष्टी तालुक्यातल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने गेल्या हिवाळ्यात इंग्रजी माहितीपत्रकांचा गठ्ठा आमच्यापुढे ठेवला आणि "सर, मॅडम, यातलं कोणतं माझ्या रायफलीला बसंल तेवढं वाचून सांगा" अशी गळ घातली. त्याच्याकडे आजोबांपासून वारशाने, परवान्यासह आलेली ईशापूर कारखान्याची .३१५ रायफल आहे. आणि काळविटांनी रात्रीतून खुडून नेलेला अर्धा एकर हरभरा आहे.

ती पत्रके आम्ही दोन संध्याकाळी वाचली आणि, खरे सांगायचे तर, त्यांत रमलो. त्या कड्यांचेही एक व्याकरण असते. दुर्बिणीच्या नळीचा व्यास एक इंच की ३० मिलिमीटर, यावर कड्याचा घेर ठरतो. पुढचे भिंग किती मोठे, यावर कड्याची उंची ठरते. भिंगाची कड नळीला टेकू नये आणि बोल्ट मागे ओढताना हात अडू नये, एवढीच उंची हवी. त्याहून अधिक उंच दुर्बीण घेतली की गाल दस्त्यावरून सुटतो, आणि गाल सुटला की डोळा दर वेळी निराळ्या जागी येतो. बाजारातल्या बहुतेक कड्यांना खाली खाचांची पट्टी लागते, आणि तशी पट्टी जुन्या रायफलीवर मुळात नसते. आमच्या विद्यार्थ्याची रायफल ली-एनफिल्डच्या कुळातली. त्याच कुळातल्या एका लष्करी रायफलीवर दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांनी दुर्बिणी बसवल्या, त्या डाव्या कुशीला पाट्या जोडून आणि दोन मोठे स्क्रू आवळून. दुर्बिणीचा क्रमांक त्या त्या रायफलीच्या दस्त्यावर ठोकलेला असे. एकीची दुर्बीण दुसरीला द्यायची नाही, असा दंडक होता. कुंडली जुळवण्याचाच हा प्रकार, असे आमच्यापैकी एकाने म्हटले.

मग आम्ही हिशेब केला. दोन कड्यांमध्ये १० सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. त्यांतले एक कडे ०.१ मिलिमीटरने, म्हणजे ढोबळमानाने एका केसाने, सरकले; तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला पडते आणि २०० मीटरवर २०. काळविटाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे मिळून जेमतेम वीतभर जागा व्यापतात. तेव्हा कडे ढिले असले तर गोळी हुकते, एवढेच होत नाही. ती पोटात बसते, मांडीत बसते, आणि जनावर तीन शेते ओलांडून कुठल्या तरी नाल्यात दोन दिवस मरत पडते. माहितीपत्रकांत स्क्रू किती आवळावा याचे आकडे दिलेले असतात. ते कशासाठी आहेत, हे हा गुणाकार केल्यावर आम्हांला उमगले.

विद्यार्थी म्हणाला, "मला मारायचं नाही मॅडम, हुसकायचंय फक्त." त्याच्यावर अविश्वास दाखवावा असा तो मुलगा नाही. पण हुसकायला दुर्बीण लागत नाही. हुसकायला आवाज लागतो, आणि आवाजाला नेम नसतो. दुर्बिणीची बैठक निवडायला बसलेला माणूस त्या क्षणी विशिष्ट जनावराच्या विशिष्ट जागेचा विचार करत असतो, मग तो स्वतःशी काहीही म्हणो. हे आम्ही त्याला तसेच सांगितले. तो रागावला नाही. बराच वेळ गप्प राहिला.

कायदा त्याला ठाऊक होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत काळवीट आहे, आणि शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने पीकरक्षणासाठी विचारात घेतली ती तोंडाने ठासायची साधी बंदूक. रायफल नव्हे, दुर्बीण तर नव्हेच. त्यातच डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, बीड जिल्ह्यातले बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने चर्चेत आले, आणि घरात बंदूक असणे ही मिरवण्याची गोष्ट उरली नाही.

पण कायदा सांगून हरभरा परत येत नाही. काळविटाला दाट रान नको, उघडा माळ हवा. आणि आमच्याकडचे माळ नांगराखाली गेले आहेत. जिल्ह्यातले नायगावचे अभयारण्य मोरांचे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले रेहेकुरी खास काळविटांसाठी १९८० मध्ये घोषित झाले, पण त्याचे क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. उरलेल्या कळपांनी जायचे कुठे, याचे उत्तर पंचनाम्याच्या कागदात नसते. शहरात बसून काळविटाच्या डोळ्यांवर लिहिणाऱ्यांनी पौषातल्या थंडीत एक रात्र आष्टीच्या शेतात जागून पाहावी, असे आम्हांला वाटते.

आम्ही तशी एक रात्र जागलो. माथ्यावर मृग नक्षत्र होते. त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि खाली आग्नेयेला बाण सोडणारा व्याध. त्याच मृगाच्या नावाने आमच्याकडे पेरणीचा मुहूर्त धरतात. पहाटे तीनच्या सुमारास कळप आला. सतरा जनावरे आम्ही मोजली. विद्यार्थ्याने पत्र्याचा डबा बडवला. ती शंभर पावलांवर जाऊन थांबली, मागे वळून पाहू लागली, आणि तो बांधावर बसताच पुन्हा आत शिरली.

कड्यांची निवड आम्ही त्याला करून दिली नाही. पत्रके परत दिली, हिशेबाचा कागद सोबत दिला, आणि नुकसानभरपाईचा अर्ज लिहून दिला. तो मराठीत होता, त्यामुळे आमच्या अधिकारातला. पुढे निवडणुकीची आचारसंहिता लागली, तेव्हा इतर परवानाधारकांप्रमाणे त्यानेही रायफल पोलीस ठाण्यात जमा केली. ती परत आणायला तो अजून गेलेला नाही. या वर्षी त्याने बांधाकडेच्या चार तासांत हरभऱ्याऐवजी करडई पेरली आहे. काट्यांमुळे हरणे करडईला तोंड लावत नाहीत, असे त्याची आजी सांगते.