काठी आणि साप

चाकणजवळच्या आमच्या वाडीत ‘साप!’ अशी हाक आली की माणसे आधी काठी शोधतात. पण त्याच घरांत नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढतात, त्याला लाह्या-दूध वाहतात. त्या दिवशी आई भाजी चिरत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही. अण्णा शेतात कुदळ मारत नाहीत. एकाच जिवाची इतकी भीती आणि इतकी भक्ती! हे कोडे आमच्याच वाडीचे का? घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, विचारणार कोणाला?

ग्रंथालयात ग्रीक पुराणकथांचे पुस्तक हाती लागले. अपोलोने डेल्फी येथे पायथन नावाचा महासर्प मारला. मेडुसाच्या डोक्यावर केसांऐवजी साप वळवळत आणि तिच्याकडे पाहणाऱ्याचा दगड होई. इथवर नुसती भीतीच. पण याच मेडुसाचे रक्त अथीना देवी अस्क्लेपियस या वैद्याला देते. डाव्या अंगाचे रक्त मारणारे, उजव्या अंगाचे मेलेल्याला उठवणारे! या वैद्याच्या काठीला साप वेढा घालून असतो. एपिडॉरसच्या त्याच्या मंदिरात रोगी झोपत आणि बिनविषारी साप त्यांच्यामधून हिंडत. कात टाकून नवा होणारा हा प्राणी आरोग्याचे चिन्ह ठरला. आपल्याकडेही वासुकीची दोरी करून समुद्र घुसळला, तेव्हा हलाहलही निघाले आणि अमृत घेऊन धन्वंतरीही.

हे सारे मला खरे पटले ते दवाखान्यात. वाडीभोवती कारखाने आले, तरी आमचा दोन एकर कांदा उरला आहे. शेतीची वीज येते रात्री. गेल्या वर्षी पाणी द्यायला गेलेल्या अण्णांना घोणस चावली. कोणी म्हणाले, देवळात न्या. चुलत्यांनी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून सरळ हॉस्पिटल गाठले. रात्रभर सलाइनमधून औषध जात होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष थोडे थोडे घोड्याला टोचतात आणि त्याच्या रक्तातून हे औषध करतात, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे मारणारे सापाचे आणि तारणारेही त्याच विषातून आलेले! समोरच्या भिंतीवर काठी आणि तिला वेढलेला साप रंगवला होता. आमच्याकडे काठी सापावर पडते. अस्क्लेपियसच्या हातातली काठी सापाला आधार देते.

अण्णा बरे झाले. रात्री पाणी द्यायला आजही जावेच लागते. पायात गमबूट, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. पण आता ते काठी जमिनीवर आपटत चालतात. “त्यालाबी बाजूला व्हायला सवड मिळती,” म्हणतात.